फी कशाची भरली आणि हक्क कशाचा मिळाला?

(विस्तार विभागाने भरविलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्याकडे जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवण्याची पद्धत आहे. अशी पिशवी वकिलासमोर उघडली की तीत बहुतेक करून काय निघते? शेतसाऱ्याच्या पावत्या, मोजणीचे चलन, सातबाराचे जुने उतारे, एखादा नोटरी केलेला स्टॅम्प पेपर आणि कुठल्या तरी दाव्याच्या वकीलपत्राची प्रत. माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, सगळ्या फिया भरल्यात, एक पैसा बाकी नाही." हे खरेच असते. पण जमीन त्याच्या नावाची आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या पावत्यांत नसते. आज मी आपल्याशी एवढ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. जमिनीच्या व्यवहारात आपण निरनिराळ्या ठिकाणी जे पैसे भरतो, त्यातला प्रत्येक पैसा कायद्याच्या दृष्टीने कशासाठी असतो आणि त्याच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे पाहू.

प्रथम कर आणि फी यांतला फरक पाहू, कारण इथेच पुष्कळ घोटाळा होतो. कर म्हणजे सरकारने सक्तीने घेतलेला पैसा. त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक एक सेवा मिळालीच पाहिजे असा हक्क सांगता येत नाही. फीचे तसे नाही. ती कोणत्या तरी कामाचा मोबदला असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मद्रासकडील शिरूर मठाच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. पुढे १९७९ साली पंजाब-हरियाणातील बाजार समित्यांच्या फीचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा बाजार फीचा मोठा हिस्सा फी देणाऱ्यांच्या सोयींवरच खर्च झाला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. नंतरच्या निकालांत ही अट बरीच सैल झाली. पैशापैशाचा हिशेब जुळलाच पाहिजे असे आता कोणी म्हणत नाही. तरीही मूळ कल्पना कायम आहे, की फी ही कामाशी बांधलेली असते.

आता खरेदीखताकडे वळू. खरेदीच्या दिवशी दोन मोठ्या रकमा भराव्या लागतात, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. मुद्रांक शुल्क हा कर आहे. तो दस्तावर बसतो, जमिनीवर नव्हे. उलट काही ठरले नसेल तर खरेदीखताचे शुल्क घेणाऱ्याने सोसायचे, गहाणखताचे कर्ज घेणाऱ्याने, आणि वाटणीपत्राचे ज्याने त्याने आपल्या हिश्शाप्रमाणे, असे मुद्रांक कायद्यातच सांगितले आहे. शुल्क कमी भरले तर तो दस्त कोर्टात पुरावा म्हणून वाचला जात नाही. तो वाचला जावा म्हणून तुटीची रक्कम तर भरावी लागतेच, शिवाय तिच्यावर दरमहा दोन टक्के दंड चढत जातो. वीस वर्षांपूर्वी वाचवलेले चार पैसे दाव्याच्या वेळी किती होऊन पुढे उभे राहतात, याचा हिशेब घरी जाऊन करून पाहावा.

नोंदणी फी मात्र खरोखर फी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक तुमचा दस्त तपासतो, पक्षकारांची ओळख पटवतो, दस्ताची प्रत कायमची जपतो आणि जगाला ती पाहता येईल अशी व्यवस्था करतो. हे त्या फीचे काम झाले. पण विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी त्या फीत येत नाही. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची नव्हे. ज्याची जमीनच नाही त्याने खत नोंदवून दिले, तर नोंदणी पक्की असूनही घेणाऱ्याच्या हाती कागदच राहतो. म्हणून खरेदीपूर्वी निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि जुने फेरफार एकामागून एक लावून पाहावेत. शोधाला फी पडते, वकिलाच्या अहवालालाही पडते. एकूण व्यवहारात ही रक्कम सर्वांत लहान आणि तीच वाचवण्याकडे लोकांचा कल. हे मला आजवर समजलेले नाही.

दस्त लिहून झाल्यावर चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी हजर करावा लागतो, हेही लक्षात असू द्या. आणि वारसांमधल्या हक्कसोडपत्राचीही नोंदणी लागते. बहिणीला चावडीवर नेऊन तलाठ्यापुढे जबाब घेतला, "मला काही नको" असे लिहून अंगठा घेतला, म्हणजे तिचा हिस्सा गेला असे नव्हे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो तिला सोडायचाच असेल तर तिने राजीखुशीने, नोंदलेल्या दस्ताने सोडावा. भगिनींनी सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. भावाचा राग येईल म्हणून न वाचता सही करू नये.

नोटरीविषयी जरा थांबून बोलतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. समजा, दोन एकरांचा सौदा ठरला. खरेदीचा खर्च मोठा म्हणून शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत लिहिले, नोटरीपुढे सह्या केल्या, सगळी रक्कम दिली, ताबा घेतला, विहीर पाडली. दहा-बारा वर्षांनी विकणारा वारला. जमिनीचे भाव वाढलेले. मुले म्हणाली, सातबारा आमच्या वडिलांचा आहे. आता घेणारा नोटरीचा लाल शिक्का दाखवतो. पण नोटरीच्या फीत काय आले? अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढे प्रमाणपत्र. जमीन हस्तांतर झाली असे तो शिक्का सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १८८२ पासूनचे कलम ५४ असे सांगते की, विक्रीच्या करारामुळे जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. पूर्वी अशा माणसाला निदान ताब्याचे संरक्षण मिळे. २००१ सालच्या दुरुस्तीनंतर करार नोंदलेला असेल तरच ते मिळते. करार पुरा करून मागण्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती करारात ठरलेल्या तारखेपासून सुरू होते. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून. कुलमुखत्यारपत्राच्या आधाराने जमीन घेण्याचा जो प्रकार चालतो, त्यालाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट नकार दिला. मुखत्यारपत्र म्हणजे काम करण्याचा अधिकार. त्याने मालकी बदलत नाही.

शेतसारा भरल्याने मालकी येते हाही असाच एक समज. सारा जो भरेल त्याची पावती निघते. ताबा कोणाचा होता हे दाखवायला त्या पावत्या उपयोगी पडतात, म्हणून त्या फेकू नका. पण मालकीचा तो दाखला नव्हे. सातबारा आणि फेरफार यांचेही तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द विसरू नका. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि नंतरही अनेकदा सांगितले आहे. तेव्हा शेजाऱ्याने चुकीचा फेरफार करून घेतला म्हणून जमीन गेली असे समजून हातपाय गाळू नयेत आणि आपल्या नावाचा फेरफार झाला म्हणून मूळ दस्ताकडे दुर्लक्षही करू नये.

मोजणीच्या फीबद्दल तर गावोगाव भांडणे आहेत. "मी तातडीची फी भरली, तरी मोजणीदाराने शेजाऱ्याला बांधावरून हटवले नाही," अशी तक्रार नेहमी येते. मोजणीदाराचे ते कामच नाही. भूमि अभिलेख खात्याची फी भरली की, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, अभिलेखाप्रमाणे हद्द कोठे येते ते जागेवर दाखवले जाते, प्रत्यक्ष वहिवाट कोठपर्यंत आहे तीही नकाशात घेतली जाते आणि अर्जदाराला ‘क’ प्रत मिळते. अतिक्रमण निघाले तर त्या नकाशाच्या आधारे पुढे ताब्यासाठी दिवाणी कोर्टात जावे लागते. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. फी जास्त भरली म्हणजे मोजणी लवकर होते, हद्द सरकत नाही.

आता थोडे आडवळण घेतो. ‘फी’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण इंग्रजांच्या जमीन कायद्यात त्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल. इंग्लंडात सरंजामी काळात सगळी जमीन राजाची मानत. चाकरीच्या बदल्यात सरदाराला जी जमीन वंशपरंपरा मिळे तिला ‘फी’ म्हणत. कोणाही वारसाकडे जाऊ शकणारी ती ‘फी सिंपल’ आणि फक्त पोटच्या वंशजांकडेच जाणारी ती ‘फी टेल’. आजही तिकडे पूर्ण मालकीला ‘फी सिंपल’ असेच म्हणतात. म्हणजे फी हे मुळात चाकरीची जमीन, आपल्या भाषेत वतन! पाटीलकी, कुलकर्णीपण, महार वतन ही सारी कामाच्या बदल्यात दिलेली जमीन होती. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. चाकरी गेली, जमीन ठरावीक रक्कम भरून घेऊन पुन्हा वतनदारांना दिली गेली, पण तीवर बंधने राहिली. सातबाऱ्यावर ‘नवीन व अविभाज्य शर्त’ असे जे शब्द दिसतात, त्यांचे मूळ पुष्कळदा इथे असते.

हे इतिहासासाठी सांगितले नाही. महसूल संहितेच्या कलम २९ प्रमाणे खातेदाराचे भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असे प्रकार आहेत. वर्ग १ ला जमीन विकण्याची मोकळीक आहे, वर्ग २ वर निर्बंध आहेत. हे निर्बंध उठवण्यासाठी किंवा विक्रीच्या परवानगीसाठी सरकारला जी रक्कम द्यावी लागते तो नजराणा. नजराणा ही कामाची फी नव्हे, जमिनीची किंमतही नव्हे. सरकारने राखून ठेवलेला जो हक्क आहे तो सोडवून घेण्याचा तो मोबदला आहे. जमीन कोणत्या कायद्याखाली मिळाली यावर नजराण्याचा दर ठरतो, म्हणून शेजाऱ्याने इतका भरला तर मलाही तितकाच, हा हिशेब चालत नाही.

त्यातला एक प्रकार आपल्यापैकी पुष्कळांच्या कामाचा आहे. कुळकायद्याने जमीन मिळालेल्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद असते. पूर्वी अशी जमीन विकायला प्रत्येक वेळी परवानगी लागे. २०१४ सालच्या दुरुस्तीनंतर, कलम ३२-म च्या प्रमाणपत्रानुसार झालेल्या खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून शेतकऱ्याला शेतीसाठी विकताना ती परवानगी लागत नाही. आकार म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेली शेतसाऱ्याची रक्कम. ती साडेचार रुपये असेल तर नजराणा झाला एकशे ऐंशी रुपये. पुन्हा सांगतो, एकशे ऐंशी. या कामासाठी मध्यस्थांना हजारो रुपये दिलेली माणसे या मंडपातही असतील. तहसील कार्यालयात अर्ज करावा, चलनाने रक्कम भरावी, चलनाची प्रत जपावी. मध्यस्थाला दिलेले पैसे त्याच्या धावपळीचे, त्यांचा नजराण्याशी संबंध नाही. आणि कोणी सरकारी माणूस पावतीशिवाय पैसे मागत असेल तर ती कोणत्याच अर्थाने फी नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता आमच्या वकिलांच्या फीकडे येतो. मी स्वतः वकील आहे, तेव्हा हा भाग मी टाळीन असे काहींना वाटले असेल. वकिलाची फी हा पक्षकार आणि वकील यांच्यातला करार आहे. किती घ्यावी यावर तसे बंधन नाही, पण कशा रीतीने घेऊ नये यावर आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागणे, याला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केलेली आहे. धरण, रस्ता, कालवा यांत जमीन गेली की वाढीव मोबदल्याच्या दाव्यासाठी "आधी काही देऊ नका, मिळेल त्यातले इतके टक्के द्या" असे सांगणारे भेटतात. ऐकायला बरे वाटते. परंतु मुंबईच्या एका वरिष्ठ वकिलाने वसुलीत निम्मा हिस्सा ठरवला होता, तेव्हा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. आणि २०१७ साली तेलंगणातील एका विधवेच्या प्रकरणात, पतीच्या अपघाताच्या भरपाईत टक्केवारीने घेतलेली फी आणि त्यासाठी घेतलेला धनादेश बेकायदेशीर आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ वकिलाची फी बुडवावी असा कोणी घेऊ नये. केलेल्या कामाची वाजवी फी देणे लागतेच आणि ती वकील दावा लावून वसूल करू शकतो. पण कोरे धनादेश, कोऱ्या स्टॅम्पवरच्या सह्या देऊ नयेत. मोबदल्याची रक्कम थेट आपल्या बँक खात्यात जमा होईल असे पाहावे. फी किती, कोणत्या कोर्टापर्यंतची, त्यात टंकलेखन, नकला, प्रवास धरला आहे की नाही, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्यावे. कोर्ट फी आणि वकिलाची फी वेगवेगळी मागून घ्यावी. कोर्ट फी सरकारची, तिची नोंद दाव्याच्या कागदांवर सापडते.

वकील बदलायचा झाला आणि जुन्या वकिलाने "आधी फी, मग कागद" असे म्हटले तर? फी थकली म्हणून वकिलाला दाव्याचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. कागद परत द्यावे लागतात, फीसाठी त्याने वेगळा मार्ग धरावा. वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र आता जाता येत नाही. २०२४ च्या निकालाने वकिलाची सेवा त्या कायद्याबाहेर राहिली आहे. माझ्या मते पक्षकाराच्या दृष्टीने हे काही फार सोयीचे झालेले नाही, पण कायदा आज असा आहे.

दलालाची गोष्ट निराळी. त्याला टक्केवारीने दलाली घेण्यास मनाई नाही. फक्त ती सौदा ठरल्यावर द्यायची की खरेदीखत नोंदल्यावर, हे आधी ठरवून घ्या. खरेदीखतापूर्वी दलाली दिली आणि सौदा मोडला, की ती परत मिळवायला दुसरे भांडण सुरू होते.

शेवटी कोर्ट फीबद्दल दोन गोष्टी. सारा भरणाऱ्या शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात ही फी बाजारभावावर मोजत नाहीत, साऱ्याच्या पटीत मोजतात, त्यामुळे ती फार जड नसते. आणि महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, घटस्फोट, अत्याचार अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. बहिणीने वाटणीचा दावा लावला तर ही माफी तिला लागू होते काय, हे आधी विचारून घ्यावे. वकिलाचीही अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरलेल्या उत्पन्न मर्यादेखालील कोणालाही तेथून विनामूल्य वकील मिळतो. कोर्टात चालू असलेला दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्यासाठी कोर्टातून परताव्याचा दाखला घ्यावा लागतो, तो मागायला विसरू नका. वकिलाची फी मात्र परत मिळत नाही.